ओढ्याची रुंदी

पाथरीच्या शिवारात उसाला जे पाणी मिळतं, त्यात छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीचाही अंश असतो. जटवाड्याच्या डोंगरातलं पाणी हर्सूलवरून उतरतं, शहराच्या पश्चिम अंगाने वाहतं आणि पुढे गोदावरीला मिळून नाथसागर जलाशयात विसावतं. मग त्याच्या 208 किलोमीटरच्या डाव्या कालव्यातून वाट काढत ते आमच्या बांधाशी येतं. त्यामुळे खाम मला परक्या शहराची कधी वाटली नाही.

मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवली ती याच नदीच्या आसपास. प्यायचं पाणी त्याने जमिनीखालच्या नहरींतून खेळवलं. पाणचक्कीचा हौदही दूरच्या झऱ्यावरून नळाने आणलेल्या पाण्याने भरायचा, आणि खाली खाम आपल्या पात्रातून मोकळी वाहायची. आमच्या पिढीने पाहिली ती मात्र काळी, कुबट, कचऱ्याने तुंबलेली खाम. मकाई दरवाजाच्या पुलावरून जाताना माणसं नाकाला रुमाल लावत. तिला कुणी नदी म्हणत नसे, सगळे नालाच म्हणत.

2021 च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक उद्योगसमूह आणि इकोसत्त्व ही संस्था एकत्र आली आणि लोखंडी पुलाजवळ काम सुरू झालं. आधी कचरा निघाला, मग वर्षानुवर्षांचा गाळ. पात्र रुंद झालं, काठांना उतार मिळाला, उतारावर दगड बसले, दगडांच्या फटींत इथलीच झाडं लागली. पायवाट झाली, बसायला कट्टे झाले. जिथे लोक कचरा टाकायला येत, तिथे आता लेकरं खेळायला येतात, म्हातारी माणसं सकाळची चक्कर मारतात. या कामाची दखल जगानेही घेतली. शहरांसाठीच्या डब्ल्यूआरआय रॉस सेंटर पुरस्काराच्या 2023-24 च्या अंतिम यादीत खाम होती. सांडपाणी अजून पुरतं थांबलेलं नाही आणि ते थांबेपर्यंत काम संपलं असं म्हणता येणार नाही, पण नदीला काठ परत मिळाला.

मला या सगळ्यात उतार महत्त्वाचा वाटतो. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या सिमेंटच्या भिंती बांधल्या की पाणी अरुंद जागेतून वेगाने धावतं, आणि वरच्या मोहल्ल्याचं संकट खालच्या मोहल्ल्यावर जाऊन आदळतं. उतरता, हिरवा काठ असला की पूर पसरतो, दमतो, थोडा मुरतो. वर्षातले चार-दोन दिवस तो काठ पाण्याचा, उरलेले सगळे दिवस माणसांचा. पुरापासूनचं संरक्षण आणि संध्याकाळचा विसावा एकाच जमिनीत मावतात, ते असे.

हे न केल्याचं फळ पुण्याने 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री भोगलं. पेशवाईत ज्याचा प्रवाह वळवला होता तो आंबील ओढा एका रात्रीच्या पावसात फुगला आणि अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी भागात घरांवर चालून गेला. माणसं गेली, गोठ्यात बांधलेली जनावरं गेली. ओढा रुसला नव्हता की कोपला नव्हता. त्याची जागा आपण घेतली होती आणि त्याला दुसरी जागा नव्हती.

आमच्याकडची काळी माती एकदा फुगून भिजली की पाणी पीत नाही. वरून पडलेला थेंब सरळ ओढ्याकडे धाव घेतो. 2024 च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी जिल्ह्याने हे अनुभवलं. शिवारंच्या शिवारं पाण्याखाली होती. तरीही गावकडेचे ओढे आपल्या डोळ्यांदेखत बारीक होत चालले आहेत. उन्हाळ्यात पात्र कोरडं दिसतं, बेशरम आणि वेडी बाभळ माजते, कुणीतरी मुरूम टाकतं, प्लॉटिंगचे झेंडे लागतात. वरून एक सिमेंटचा पाइप टाकला की ओढ्याची सोय झाली, असं मानलं जातं. त्या पाइपातून एरवीचं पाणी जातं, पुराचं जात नाही.

मोठ्या शहराला आपली नदी सोडवायला यंत्रं लागली, पैसा लागला, अनेकांचे हात लागले. पाथरीसारख्या गावाचं काम त्यामानाने सोपं आहे, कारण आपल्या ओढ्यांच्या काठी अजून बरीच जमीन मोकळी आहे. पाथरीकरांनो, येत्या उन्हाळ्यात जाणत्या म्हाताऱ्यांना सोबत घेऊन ओढ्याच्या कडेने चाला. पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते त्यांना विचारा, तिथे दगड रोवा, आणि त्या दगडांच्या आत एकही प्लॉट पडू देऊ नका. नगर परिषदेकडून तशी रेषा नकाशावर आखून घ्या. करंज, उंबर, जांभळं त्यानंतर लावता येतील. रेषा मात्र याच वर्षी आखली पाहिजे.