शनवार तेल्यांचे गॅरेज आणि विजेची गाडी

गेल्या सुक्कोथच्या सुटीत आमच्या मुलाने एक छापील अर्ज आमच्यापुढे ठेवला. विजेच्या मोटारींची दुरुस्ती कशी करावी आणि उच्च दाबाच्या विजेपासून स्वतःचा जीव कसा सांभाळावा, हे शिकविणाऱ्या वर्गाचा तो अर्ज होता. वर्ग संध्याकाळचा, फी बरीच, आणि तितके दिवस गॅरेज लवकर बंद करावे लागणार. मुलगा म्हणाला, "पप्पा, गॅरेज तुम्ही उभारले. तुमच्या होकाराशिवाय मी पैसे भरणार नाही." आम्ही अर्जाची घडी करून खिशात घातली आणि म्हणालो, "बघू." हे 'बघू' चार महिने चालले. त्याचीच ही हकिकत.

वाचकहो, आम्ही १९६६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मुंबईहून अलिया करून या देशात आलो. रामल्याच्या एका गॅरेजात हाताखालचा पोऱ्या म्हणून लागलो. त्या काळी हैफाच्या ऑटोकार्स कारखान्यात 'सुसिता' नावाची मोटार बनत असे. तिची काया पत्र्याची नसून फायबरग्लासची होती. उभी करून ठेवलेली सुसिता उंट खाऊन टाकतो, अशी थट्टा लोक करीत. उंटाने खाल्लेली सुसिता आम्ही कधी पाहिली नाही, पण तिच्याच इंजिनावर आम्ही धंदा शिकलो. १९७६ साली स्वतःचे छोटे गॅरेज उघडले. कार्ब्युरेटर, प्लग, क्लच, सायलेन्सर या चार गोष्टींच्या जोरावर संसार चालविला, मुलांची लग्ने केली. गाडी दाराशी येण्याआधी नुसता आवाज ऐकून तिचे दुखणे सांगावयाचे, हा आमचा अभिमान होता.

विजेच्या मोटारीला तो आवाजच नाही. इंजिन नाही, म्हणून ऑइल बदलणे नाही, प्लग नाहीत, सायलेन्सर नाही. ब्रेकसुद्धा कमी झिजतात, कारण वेग कमी करताना मोटरच उलट वीज तयार करून बॅटरीत घालते. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होऊन वाया जाते. विजेच्या गाडीत तीन चतुर्थांशाहून अधिक शक्ती चाकांना मिळते. आयुष्यभर तापलेल्या इंजिनात हात घातलेल्या माणसाला हे खोटे म्हणता येणार नाही. आमचा विरोध भीतीपोटी होता, आणि त्या भीतीला आम्ही 'अनुभव' असे भारदस्त नाव दिले होते.

त्या अनुभवाचाही दाखला आमच्यापाशी होता. २०१० साली तेल अवीवच्या उत्तरेस पी ग्लिलोत येथे 'बेटर प्लेस' कंपनीने प्रदर्शन-केंद्र उघडले. तेलाच्या एका जुन्या टाकीतच ते थाटलेले होते! शाय अगासी यांनी २००७ साली काढलेली ही कंपनी. रेनो कंपनीची फ्लुअन्स ही विजेची गाडी ग्राहकाने विकत घ्यावयाची, बॅटरी मात्र कंपनीच्या मालकीची. बॅटरी रिकामी झाली की अदलाबदलीच्या ठाण्यावर गाडी न्यावी, तेथे यंत्र खालून जुनी बॅटरी काढून पाचेक मिनिटांत भरलेली बसवी. आम्ही मित्रांबरोबर तेथे गेलो, गाडीतून एक फेरी मारली आणि परतताना वाटभर हसत आलो. बॅटरी २२ किलोवॅट-तासांची. कागदावर गाडी एका भरण्यात १८५ किलोमीटर जाणार होती. पण येथला उन्हाळा आणि वातानुकूलन जमेस धरले की बेरशेबाला जाऊन परत येण्याची खात्री कोण देणार?

कंपनीने सुमारे ८५ कोटी डॉलर भांडवल उभे केले होते. देशात तिच्या गाड्या आल्या हजारभर. मे २०१३ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. त्या आठवड्यात आम्ही गॅरेजात सर्वांना कॉफी पाजली आणि म्हणालो, "बघा, शेवटी पेट्रोलच खरे." किती कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, किती लोकांनी विश्वासाने घेतलेल्या गाड्या दारात उभ्या राहिल्या, याचा विचार त्या कॉफीत नव्हता. आज त्याची लाज वाटते.

आमची खरी चूक पुढेच होती. कंपनी बुडाली म्हणजे कल्पनाही बुडाली, असे आम्ही धरून चाललो. २०१० च्या सुमारास बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर खर्च येत असे. २०२४ मध्ये तो सरासरी ११५ डॉलरच्या आसपास आला. चीनमधल्या शेन्झेन शहरात १९९५ साली बॅटऱ्या बनविण्यासाठी निघालेली बीवायडी ही कंपनी पुढे मोटारी बनवू लागली आणि मार्च २०२२ मध्ये तिने नुसत्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या बनविणे थांबविले. २०२४ साली जगभर, वीज व पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या भरण्याच्या गाड्या धरून, १ कोटी ७० लाखांहून अधिक विजेच्या गाड्या विकल्या गेल्या. म्हणजे नव्या पाच गाड्यांत एक. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश एकट्या चीनमध्ये.

आपल्या देशात पेट्रोलच्या गाडीवर खरेदी-कर ८३ टक्के, तर विजेच्या गाडीवर २०२२ अखेरपर्यंत तो १० टक्केच होता. पुढे सरकारने तो पायरीपायरीने वाढविला. पण तोवर चिनी गाड्या आमच्या गल्लीत आल्या होत्या. २०२२ साली आलेली बीवायडीची ॲटो-३ ही गाडी २०२३ मध्ये देशात सर्वांत अधिक खपणाऱ्या गाड्यांत गणली गेली. तिची बॅटरी ६० किलोवॅट-तासांची, म्हणजे त्या फ्लुअन्सच्या जवळजवळ तिप्पट. २०२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी साधारण चौथा हिस्सा विजेचा होता. आता बेरशेबाला जाऊन परत येण्याची खात्री मागणारा कोणी उरला नाही.

नव्याच्या दोषांवरही आम्ही बोट ठेवतो. वीज आकाशातून पडत नाही. आपल्या देशात ती मुख्यतः समुद्रातल्या नैसर्गिक वायूपासून बनते. नेगेवमधली सूर्यकेंद्रे वाढत आहेत, पण वायूची जागा त्यांनी अजून घेतलेली नाही. पुष्कळ बॅटऱ्यांना लागणारा कोबाल्ट बहुतांशी काँगोच्या खाणींतून येतो आणि तेथे मजुरांचे, लहान मुलांचेही, हाल होतात. ॲटो-३ च्या बॅटरीत कोबाल्ट नाही, ही चांगली गोष्ट. आणि आपल्या लोकांनी, जे रामल्यात, लोदमध्ये, दिमोनात जुन्या शिकूनांत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहतात, त्यांनी वायर कोठून सोडावी? ज्याला अंगण आहे त्याला ही गाडी सोयीची, नाही त्याला चार्जिंगच्या खांबापाशी रांग.

हे सर्व आम्ही मुलाला ऐकविले. त्याने वाद घातला नाही. गॅरेजची वही आणून पुढे ठेवली आणि म्हणाला, "एका महिन्याची कामे तुम्हीच मोजा." आम्ही चष्मा लावून मोजू लागलो. ऑइल आणि फिल्टर, प्लग, टायमिंग बेल्ट, सायलेन्सर, टेस्टला जाण्याआधीची धुराची तपासणी. दहातली सहा कामे अशी निघाली, की जी विजेच्या गाडीला कधी लागणारच नाहीत. टायर, सस्पेन्शन, वातानुकूलन तेवढे राहिले. वही मिटली आणि त्या रात्री आम्हांला झोप आली नाही.

सौभाग्यवतींनी विचारले, "कसला विचार चाललाय?" आम्ही म्हणालो, "धंदा जाणार." त्या म्हणाल्या, "तुमच्या आजोबांचा गेला नव्हता?"

आणि आम्हांला घाणा आठवला. आमचे आजोबा अलिबाग तालुक्यातल्या एका खेड्यात तेलाचा घाणा चालवीत. लाकडी लाट फिरविणारा बैल, त्याच्या डोळ्यांवर झापड, तिळाचा नि खोबऱ्याचा वास, हे सर्व वडिलांनी आम्हांला इतक्या वेळा सांगितले की आम्ही ते स्वतः पाहिल्यासारखे वाटते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हांला 'शनवार तेली' म्हणे. पुढे डब्यातून रॉकेल आले आणि दिव्याला घाण्याचे तेल कोणी घेईना. गिरणीचे तेल आले आणि स्वयंपाकालाही घाणा महाग वाटू लागला. आजोबांनी बैल विकला, घाण्याला कुलूप घातले आणि मुंबई गाठली. बैल विकला त्या दिवशी ते जेवले नाहीत, असे वडील सांगत.

त्या रात्री पहिल्यांदाच आमच्या ध्यानात आले, की ज्या रॉकेलने आजोबांचा घाणा बंद पाडला, ते आणि आमचे पेट्रोल एकाच जमिनीतल्या तेलाची लेकरे. त्या तेलाने आजोबांची भाकरी नेली आणि नातवाला दिली. आता वीज ती आमच्या हातून नेत असेल, तर तक्रार कोणाकडे करावी? आणि वीज तरी आमच्या घराला नवी कोठे होती? मुंबईला १९०७ पासून १९६४ पर्यंत विजेच्या ट्रामगाड्या होत्या आणि १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची आगगाडी सुरू झाली. आमचे वडील जन्मभर ट्रामने कामावर गेले. घोडे जाऊन वीज आली, याचे त्यांनी कधी दुःख केले नाही, कारण घोडे त्यांचे नव्हते!

दुसरीही एक गोष्ट आठवली. १९७३ च्या यॉम किप्पूरच्या युद्धानंतर पेट्रोल वाचविण्यासाठी सरकारने फर्मान काढले, की प्रत्येक मोटारवाल्याने आठवड्यातला एक दिवस निवडून त्या दिवशी गाडी उभी ठेवावी आणि त्या दिवसाचे अक्षर काचेवर चिकटवावे. आम्ही कर्जाने घेतलेल्या जुन्या गाडीवर शब्बाथचे अक्षर लावले. शेजारी म्हणाले, "तुमचे फावले, तुम्ही तसेही शनिवारी चालवीत नाही." तेव्हा देशाचे बरेचसे तेल इराणहून येई. १९७९ मध्ये तेथे क्रांती झाली आणि तेही बंद झाले. दुसऱ्याच्या विहिरीवर आपली घागर अवलंबून असणे म्हणजे काय, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. विजेच्या गाडीला हसताना तेवढेच आम्ही विसरलो होतो.

सकाळी आम्ही अर्ज काढला, उलगडला आणि मुलाच्या हाती दिला. "पैसे भर. निम्मे आमच्याकडून." तो काही बोलला नाही, अर्ज सरळ करीत राहिला.

आता वर्ग चालू आहे. घरी आल्यावर मुलगा आम्हांला शिकवितो. नारिंगी वायरीला कधी हात लावावयाचा नाही, तिच्यात शेकडो व्होल्टचा दाब असतो. आधी वीज तोडावयाची, थांबावयाचे, मोजावयाचे, मगच हात घालावयाचा. उभ्या जन्मात इंजिनाला आधी हात लावून मग विचार केलेल्या माणसाला हे जड जाते. शेजारच्या गॅरेजवाल्यांपैकी दोघे साठी उलटलेले आहेत, त्यांना मुलगे नाहीत. ते शिकणार नाहीत आणि त्यांच्याविषयी कोणी कायदाही करणार नाही. बदलाचे कौतुक करताना त्यांचे नाव घ्यावे, एवढेच आमचे सांगणे. जुन्या गाड्या अजून पुष्कळ वर्षे रस्त्यावर राहतील, त्या त्यांच्याकडे न्याव्यात.

परवा नातीने विचारले, "सबा, विजेच्या गाडीत आग पेटत नाही. मग ती शब्बाथला चालवली तर चालेल?" आम्ही म्हणालो, "बाळ, आम्ही रब्बी नाही. वीजही शब्बाथला चालू करू नये, असे ते सांगतात. पण आपल्या घरापुरते ऐक. पणजोबांच्या वडिलांचा घाणा शनिवारी उभा असे, सबाचे गॅरेज शनिवारी बंद असते, आणि ही गाडी आली तर तीही शनिवारी दारात उभी राहील." ती म्हणाली, "मग आपण शनवार तेली की शनवार वीजवाले?"

याचे उत्तर आम्हांला सुचले नाही. मुलाने पहिली विजेची गाडी दुरुस्त केली की घरी मलिदा करावयाचे ठरले आहे. त्या दिवशी सर्वांच्या विचाराने नाव ठरवू.