लांबी खरवडण्याआधी

हिंगोली

चि. भाच्यास,

तुझ्या जुन्या डॉल्फिन गाडीच्या डाव्या दाराचा रंग उतरवताना खाली गुलाबी लांबीचा पट्टा निघाला आणि विकणाऱ्याने फसवलं असं समजून तू गाडीभरची लांबी मुळापासून काढायला निघालास, हे पत्रातून कळलं. जरा हात थांबव. तुझा राग पत्र्याच्या गाडीच्या हिशेबाने आलेला आहे. पत्र्यावर लांबी बऱ्याचदा गंज झाकायला भरतात. गंज आत चालूच राहतो, लांबीखाली ओल धरते आणि काही दिवसांनी रंगाला फुगारा येतो. म्हणून तिथे उघड्या पत्र्यापर्यंत जायचं, हा गॅरेजवाल्यांचा नियम बरोबरच आहे. पण डॉल्फिनचं अंग फायबरचं, आणि फायबर गंजत नाही. काचेच्या तंतूंचं मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन मिळून ते अंग झालेलं असतं, आणि गॅरेजमधली बॉडी लांबीही बहुधा पॉलिएस्टरचीच. दोघांची जात एक. नीट घासून, हार्डनर योग्य मापात घालून भरलेली लांबी फायबरला वर्षानुवर्षं धरून राहते.

शिवाय ही गाडी बनली कशी ते बघ. सिपानी कंपनीने 1982 च्या सुमारास बंगळुरात डॉल्फिन काढली ती इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून, 848 सीसीच्या इंजिनाची. थोड्या गाड्या काढायच्या तर पत्रा दाबायचे महागडे डाय परवडत नाहीत. फायबरला साचा पुरतो. मात्र साच्यातलं काम हाताचं, आणि हाताच्या कामात सांधे भरून घासावे लागतात. अमेरिकेतली 1953 पासूनची कॉर्व्हेट घे. तिचे पॅनल आतून पट्ट्या चिकटवून जोडत आणि वरची फट कारखान्यातच भरून सपाट करत. म्हणजे सांध्यावर सरळ रेषेत गेलेली लांबी जन्मापासूनचीही असू शकते. ती उकरलीस तर दुरुस्ती काढल्याच्या समजुतीत मूळ कामच घालवशील. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, तिच्यापुढे डॉल्फिनचा टिकाव लागला नाही, आणि आज डॉल्फिनचं नवं दार दुकानात मागायची सोय नाही. मशीनने लांबी काढताना कडेचा जेलकोट, म्हणजे फायबरचा वरचा गुळगुळीत थर, आधी जातो. तो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. त्याखालचे तंतू एकदा कापले गेले की दार दुबळं झालंच.

तू म्हणशील, जुन्या लांबीवर नवा रंग तडकेल. तडकतो, पण बहुधा दोन ठिकाणी: लांबीची पकड सुटलेली असेल तिथे, किंवा खालचं फायबर मोडून लवत असेल तिथे. दोन्ही तपासता येतं. लोहचुंबक इथे काही सांगणार नाही, रुपयाचं नाणं सांगेल. पट्ट्यावर बोटभर अंतराने टकटक कर. टणक आवाज आला तर राहू दे, बद्द आला तर खडूने खूण कर. मग दाराचं आतलं अस्तर काढून मागची बाजू बघ. मोडलेले तंतू पांढुरके दिसतात. तसे दिसले तर तिथली लांबी सगळी काढ, मोडलेला भाग दोन्ही बाजूंनी उतरता घासून मागून नवं मॅट बसव, आणि मगच वर पातळ हात दे. विकणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा निकालही तिथेच लागेल. मागे मॅटचा जोड असेल तर कुणीतरी मनापासून काम केलं आहे. मागे भेग तशीच आणि पुढे बोटभर जाड लांबी असेल तर तुझा राग खरा. पण लांबी नंतरची निघाली, एवढ्यावरून ती काढायची नाही. औंढ्याच्या नागनाथ मंदिराचं खालचं कोरीव दगडकाम जुनं आहे, वरचं शिखर नंतरच्या काळातलं. मूळचं नाही म्हणून ते उतरवा, असं कुणी म्हणत नाही.

रंग काढायचं केमिकल मात्र गाडीजवळ आणू नकोस, ते रेझिनलाही खातं. हीट गनही नको. धारदार ब्लेड आडवं धरून रंगाचे पापुद्रे उचल, मग लाकडी ठोकळ्यावर 80 नंबरचा आणि पुढे 120 चा पेपर, हाताने आणि कोरडाच. उघडी लांबी पाणी पिते, आणि ते पाणी पुढे रंगाखालून फोड होऊन वर येतं. उन्हाळा आहे तोवर घासून घे. मृग लागायच्या आत इपॉक्सी प्रायमर पडलाच पाहिजे.

तुझा मामा