आज्याचा अंगठा

१९८३ सालची गोष्ट. माणदेशातल्या आमच्या हायस्कुलाच्या दोन वर्गांवरची कौलं वावटळीनं उडाली होती. संमेलनाला रुपया तिकीट लावायचं आणि त्यातनं कौलं आणायची, असं ठरलं. एक नाटुकलं बसवलं. त्यात मुंबईच्या एका नाटकातलं गाणं घेतलं होतं आणि ते मी म्हणणार होतो.

तालमी रंगात आल्या आणि मराठीच्या सरांनी त्या नाटकाच्या पुस्तकाचं सुरुवातीचं पान उघडून दाखवलं. प्रयोगाला लेखकाची लेखी परवानगी हवी, मानधन अमुक, पत्ता तमुक. हेडमास्तर हसले, "अहो, इथं एसटी धड येत नाही. मुंबईचा लेखक येतोय होय बघायला?"

सर ऐकेनात. १९५७ चा कायदा त्यांना पाठ होता. पोरांनी-मास्तरांनी शाळेत गायलं, ऐकणारे शाळेतलेच आणि पोरांचे आईबाप असले, तर परवानगी लागत नाही. आपण तर पाच गावांत तिकिटं खपवतोय, मग ती सवलत कुठली? त्यांनी जोडकार्ड धाडलं. तीन आठवडे पोस्टमन नुसती मान हलवून पुढं जायचा. शेवटी गाणं वगळलं. मला सरांचा असा राग आला की दोन दिवस शाळेलाच गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी सर आमच्या सोप्यात. गाऱ्हाणं घेऊन आले असतील म्हणून मी कणगीमागं दडलो. पण ते आज्याशी बोलत होते.

"आबा, तुमचं दुष्काळाचं गाणं पोरांना म्हणू द्याल का?"

ते गाणं आज्यानं ७२ च्या दुष्काळात, खडी फोडताना रचलेलं. शेवटच्या कडव्यात त्याचं नाव होतं. एका तमाशाच्या फडानं ते उचललं आणि त्याचं नाव काढून आपल्या शाहिराचं घातलं. आज्या तिकीट काढून तंबूत बसून ते ऐकून आला होता. त्या रात्री तो जेवला नाही, आई सांगायची. तेव्हापासून आमच्या घरात ते गाणं कुणी म्हणत नसे.

आज्या बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मला कशापायी इचारताय? समदी तर म्हणत्यात."

"गाणं तुमचं हाय, आबा. मानधन काय द्यावं शाळेनं?"

"पैसं नगंत. शेवटचं कडवं तेवढं गाळू नका."

सरांनी वहीच्या पानावर परवानगी लिहिली, मोठ्यानं वाचून दाखवली. घरात शाई नव्हती. आईनं तव्याची काजळी तेलात कालवली, त्यात आज्यानं अंगठा बुडवला.

संमेलनाच्या रात्री सर फुकट आत सोडत होते, तरी आज्यानं रुपया मोजूनच तिकीट घेतलं. शेवटच्या कडव्याला माझा आवाज चिरकला. नाव मात्र नीट घेतलं.

कौलं एकाच वर्गापुरती आली. मुंबईचं कार्ड पुढं आठ दिवसांनी आलं: परवानगी आहे, मानधन माफ. हेडमास्तर म्हणाले, "बघा, उगाच घोळ घातलात." सर काही बोलले नाहीत.

आज्या १९८९ ला गेला. कायद्यानं त्यानंतर ६० वर्षं, म्हणजे २०४९ सरेपर्यंत, गाण्याचा हक्क घरच्यांकडं. अंगठ्याचा कागद माझ्या ट्रंकेत आहे. जत्रेत मात्र ते गाणं अजून त्या दुसऱ्याच नावानं वाजतं.