कांदा, क्विंटलला…

मुलांनो, आकाशवाणीच्या स्टुडिओत पंखा नसतो, ठाऊक आहे? त्याची घरघर माइक पकडतो ना! भिंतींना बारीक भोकं, म्हणजे आवाज घुमत नाही. लाल दिवा लागला की शिंकसुद्धा गिळायची. कागद आम्ही टाचत नसू. सुटी पानं अलगद सरकवायची, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं, इथे पाऊसच पडतोय.

१९५३ साली सुरू झालेल्या पुणे केंद्रावर मी बरीच वर्षं असा भिंतीशी बोललो. चेहरा कोणाच्याच ओळखीचा नाही. निवृत्तीनंतर एकदा मंडईत मेथीचा भाव विचारला, तर भाजीवाल्या आजींनी झटकन मान वर केली.

"अवो, तुमीच ना ते रेडिओवर बाजारभाव सांगनारे? आमचा बा ते ऐकल्याबिगर गाडी जुपायचा न्हाई."

मला वाटायचं, लोकांना आमची नाटकं आठवत असतील! आजींना आठवत होता कांदा.

मेथीचे पैसे त्यांनी पुरेपूर घेतले हं. मग हळूच म्हणाल्या, "सांगा की येकदा."

भर मंडईत मी पिशवी खाली ठेवली, घसा साफ केला आणि सुरू केलं, "कांदा, प्रति क्विंटल…"