हाली आणि कलदार

जुन्या पेटीतून एखादी अनोळखी वस्तू निघाली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, विकली तर किती येतील? ही वस्तू आहे तरी काय, हा प्रश्न मागाहून येतो. कधी कधी येतच नाही.

हा दुसरा प्रश्न आवडीने सोडवणारी माणसे आज मोबाईलवर सापडतात. नाणी, टपाल तिकिटे, कुलपे, अडकित्ते, जुने रेडिओ, प्रत्येकाचे हौशी लोकांचे गट आहेत. कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी शिक्षक, कुणी किराणा दुकानदार. तुम्ही फोटो टाकायचा आणि विचारायचे, हे काय आहे? रात्री अकरा वाजता कुठल्या तरी गावातला अनोळखी माणूस भिंग घेऊन तुमच्या दादीच्या वस्तूकडे बघत बसतो. त्याला त्यातून एक पैसा मिळणार नसतो.

आमच्या घरी दादीच्या मागे एक कापडी बटवा राहिला. आत पंधराएक चांदीची नाणी. बहुतेकांवर चारमिनार, आणि तीन जाडजूड, ओबडधोबड, कडा कापल्यासारखी. या बटव्याला दोन गोष्टी चिकटलेल्या होत्या. पहिली घरातली. फुफी सांगायची, "अपना खानदान निजाम सरकार के यहाँ था, इनाम में मिले हैं." दुसरी गोष्ट बाहेरची. चौकात चहा पिताना, अर्धी गंमत आणि अर्धी खरी, ती ऐकायला मिळते, "तुम्ही काय बाबा, निजामाचे लोक." या वाक्याच्या मागे रझाकार हा शब्द उभा असतो, तो उच्चारावा लागत नाही.

म्हणून माझ्या चुलतभावाने नाण्यांचे फोटो गटात टाकायचे म्हटले तेव्हा घरात चलबिचल झाली. मुसलमानाच्या घरात निजामाची नाणी, नावासकट फोटो, खाली काय काय लिहून येईल? तरी त्याने टाकले.

उत्तर आले ते असे. वजन किती? व्यास किती? दुसऱ्या बाजूचा फोटो कुठे आहे? चिंचेने घासू नका, आहे तसेच राहू द्या. बस. आम्ही कोण, हे कुणी विचारले नाही.

ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर एक नाणे ११.२ ग्रॅमच्या आसपास भरले. मग एकाने सांगितले, चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर आहे, ते बघा. आम्ही ही नाणी लहानपणापासून बघत होतो, पण त्या कमानीत कुणी डोकावले नव्हते. मीम असेल तर सहावा निजाम महबूब अली खान, ऐन असेल तर सातवा उस्मान अली खान. आमच्याकडे दोन्ही निघाली. मागच्या बाजूला किंमत आणि टांकसाळीचे नाव, जर्ब फर्खुंदा बुनियाद हैदराबाद.

ओबडधोबड तीन नाणी हाताने पाडलेली, त्याहून जुनी. त्यातल्या एकावर अंक दिसत होता. फुफीच्या मते तो ७८६, म्हणून "बरकत का सिक्का, बेचना मत." गटातल्या एका गृहस्थांनी फोटो मोठा करून सांगितले, तो ९२ आहे. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीचा बादशहा उरला नाही, तेव्हा निजामाच्या नाण्यांवरून त्याचे नाव गेले आणि आसफ जाह या नावासोबत ९२ हा अंक आला. अबजद हिशेबाने मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४. बेरीज करा. मुहम्मद. हे समजावणारे गृहस्थ ब्राह्मण होते, आणि छंदापायी म्हातारपणी फारसी लिपी शिकलेले. फुफीने बेरीज बोटांवर दोनदा केली, दुरूद पढली आणि म्हणाली, "देखा, बरकत का ही निकला."

पण बटव्याचे खरे कोडे सुटले ते दुसऱ्याच माणसामुळे. चाळीसगावच्याच एका व्यापारी कुटुंबातल्या गृहस्थांनी खाली लिहिले, अशी नाणी आमच्याकडेही डबाभर होती. आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत दोन रकाने असत, हाली आणि कलदार.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. चाळीसगाव इंग्रजांच्या पूर्व खानदेशात. दक्षिणेला औट्रम घाट चढून गेले की कन्नड, म्हणजे निजामाचे राज्य. घाटाखाली चालायचा इंग्रजांचा कलदार रुपया, घाटावर निजामाचा हाली सिक्का. सीमेवर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. हाली थोडा हलका आणि चांदी शेकडा ८२ च्या जवळपास. म्हणून भाव ठरला सहा कलदारांना सात हाली. गुणाकार करून बघा, दोन्हीकडची चांदी ६४ ग्रॅमच्या आसपास येते. सीमेवरच्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ असायचा, मग तो मारवाडी असो, मराठा असो, की मणियार.

आम्ही मणियार. अब्बांना तेवढ्यावरून आठवले की त्यांचे दादा डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन घाट चढायचे, कन्नडच्या बाजाराला. गिऱ्हाईक द्यायचे ते हालीच. चाळीसगावात ती मोडायला गेले की सातातला एक जायचा, म्हणून परत घाटावर खर्चायला बाजूला ठेवत असतील. बटवा भरला तो असा.

म्हणजे आम्ही नवाब नव्हतो आणि चौकातली गोष्टही आमची नव्हती. कुणाच्या तरी मनगटात बांगड्या भरून मिळवलेली ही मजुरी होती. फुफी दोन दिवस खट्टू होती. मला मात्र ही ओळख त्या दोन्ही गोष्टींपेक्षा मोठी वाटली.

छंद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे आपण समजतो. आमच्याच तालुक्यातल्या पाटणच्या देवळातला शिलालेख वाचून १८६५ साली जगापुढे मांडला तो भाऊ दाजी लाड यांनी. ते मुंबईत डॉक्टरी करायचे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इथे मठ काढला होता, हे त्या लेखामुळे कळले. गटातल्या माणसांची झेप तेवढी नसेल, पण जात तीच आहे.

तुम्ही विचारणार असाल तर दोन्ही बाजूंचे फोटो द्या, वजन द्या, वस्तू कुठून आली ते खरे सांगा, घराचा पत्ता मात्र देऊ नका. ७८६ च्या नोटेचे किंवा जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी फी भरा, असे कुणी म्हणाला तर तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ साली अशा फसवणुकीबद्दल लोकांना सावध केले आहे. आणि वस्तू जमिनीत सापडली असेल तर १८७८ च्या कायद्याने ती आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते.

आणखी एक. नाणे कोणत्या निजामाचे ते गट सांगेल, पण ते तुमच्या घरात कसे आले हे गटाला माहीत नसते. ते अब्बांना, फुफीला माहीत असते, पुष्कळदा त्यांनाही नकळत. त्यांना आधी विचारा. ते उत्तर फार दिवस थांबत नाही.