तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाची ओळख

महाविद्यालयात तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची ओळख करून देताना आधी पदव्या, मग संशोधनाचे विषय आणि शेवटी घरसंसाराबद्दल दोन वाक्ये, असा क्रम ठरून गेला आहे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकासाठी तो पुरेसा असेल. तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाचे मात्र त्याने भागत नाही, असे माझे मत आहे. आपला विचार त्याने स्वतःच्या आयुष्यात कुठे लावून पाहिला, हे त्याच्या विद्वत्तेच्या हिशेबातच धरले पाहिजे. नाशिकमध्ये तरी हे कुणाला जड वाटू नये. २ मार्च १९३० रोजी इथे अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. धर्म कोणाचा, त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न इथे परीक्षेच्या पेपरात येण्याआधी देवळाच्या दाराशी उभे राहिले. ते विचारणाऱ्या आंबेडकरांच्या मोठ्या पदव्या अर्थशास्त्रातल्या आणि कायद्यातल्या होत्या. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूईंकडून घेतलेले तत्त्वज्ञान पदव्यांच्या यादीत दिसतच नाही.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे उदाहरण तर शेजारच्या धुळे जिल्ह्यातलेच आहे. १९०१ साली पिंपळनेरला जन्म, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत अध्ययन, १९२३ मध्ये कलकत्त्याची 'तर्कतीर्थ' पदवी. आजच्या नियमांनी त्यांना महाविद्यालयात साधे सहायक प्राध्यापकपदही मिळाले नसते. पुढे 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला १९५५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि मराठी विश्वकोशाची धुराही त्यांनी वाहिली. पण माझ्या दृष्टीने त्यांच्या शास्त्राध्ययनाची खरी कसोटी १९३३ मध्ये पुण्यात लागली. गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह रूढ शास्त्रार्थाने प्रतिलोम, म्हणजे वधू वरापेक्षा वरच्या वर्णाची असलेला, होता, आणि तो लावायला लक्ष्मणशास्त्री उभे राहिले. धर्मशास्त्र काळाप्रमाणे बदलते, हे प्रतिपादन कागदावर करणे सोपे होते. पुरोहित म्हणून अंतरपाटाशी उभे राहिल्यावर सनातन्यांचा रोष अंगावर घ्यावा लागतो. हा प्रसंग 'वैयक्तिक' म्हणून बाजूला काढला, तर त्यांच्या धर्मविचाराचा अर्धा पुरावाच हरवतो.

यावर एक आक्षेप तर्कशास्त्रातूनच येईल: युक्तिवाद खरा की खोटा हे मांडणाऱ्याच्या आयुष्यावर ठरत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला म्हणून त्याचे एकही विधान आपोआप चुकीचे ठरत नाही. पण विधानाची सत्यता तपासणे वेगळे आणि शिक्षक समजून घेणे वेगळे. विद्यार्थी शिक्षकाकडून निष्कर्षांबरोबर विचार करण्याची रीतही उचलतो, आणि ती रीत शिक्षकाच्या वागण्यात दिसते. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. अशाने शिक्षकाच्या खासगी आयुष्यात डोकावण्याचा परवानाच मिळेल, आणि शांतपणे शिकवत राहिलेल्यांना कमी लेखले जाईल. म्हणून मर्यादा घालतो: लग्न, मुले, आजार, श्रद्धा हे ज्याचे त्याच्यापाशी राहू द्यावे, विचाराखातर जे उघडपणे केले, तेवढेच मोजावे. आणि ते शांत कामही असू शकते. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मे. पुं. रेगे यांनी १९८३ मध्ये पुण्यात परंपरेने शिकलेले नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, आणि आधुनिक तत्त्वज्ञ यांना समोरासमोर बसवले आणि ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलचे प्रश्न पंडितांपुढे संस्कृतातून मांडले. त्यामागची दोन्ही बाजू समजून घेण्याची मेहनत शोधनिबंधांच्या यादीत मावत नाही. 'नवभारत' मासिकाचे संपादक म्हणून मराठी वाचकांसाठी त्यांनी जे केले, तेही त्या यादीबाहेरचेच.

नाशिकच्या महाविद्यालयांतून तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचा परिचय यापुढे लिहिला जाईल, तेव्हा पदव्यांनंतर एक प्रश्न जरूर विचारावा: यांनी कोणता प्रश्न आपला मानला आणि त्यासाठी काय केले? उत्तर दोन ओळींचे असले तरी ते छापावे.