आमच्या गावाची मोजदाद

परवा माळा आवरायला काढला. (दरवर्षी काढते आणि दरवर्षी अर्धाच होतो, ते सोडा.) जुन्या वह्या आणि फुटक्या बरण्यांच्या खाली एक कापडी पिशवी निघाली. २०११ च्या जनगणनेच्या वेळी मिळालेली. आत एक वाळलेलं पेन आणि माझ्याच हाताने काढलेला एक कच्चा नकाशा होता. चार गल्ल्या, बाणाबाणांनी घरांचे नंबर, एक पिंपळ, एक हातपंप, एक पिठाची गिरणी. मुलांना चित्रकला शिकवताना कधी हात धड वळला नाही, पण हा नकाशा मात्र बरा जमला होता!

मग माळा तसाच राहिला आणि मी पायरीवर बसून तो नकाशा बघत राहिले.

२०२१ ची जनगणना करोनामुळे झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही तारीख धरून ती व्हायची आहे. मी निवृत्त झाले, त्यामुळे या वेळी ते काम माझ्या गळ्यात नाही. पण मागच्या मोजणीतलं काहीतरी गेली इतकी वर्षं मनात अडकून बसलंय. आज लिहूनच टाकते.

आधी आमच्या गावाबद्दल थोडं. बीड जिल्ह्यातली अंबाजोगाई. २०११ ला पाऊण लाखाच्या आतबाहेर वस्ती. बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो दोनच गोष्टी म्हणतो, "योगेश्वरीची ना?" किंवा "ते मेडिकल कॉलेज आहे तेच ना?" कोकणातली कितीतरी घराणी कुलदेवता म्हणून एवढ्या लांब देवीला येतात. लग्न झालं की जोडपी येतात, ओटी भरतात, परळीच्या वैजनाथाला जाऊन परत निघतात. गाव बघायला कोणी थांबत नाही.

गावाला नावं तरी किती! जुन्या बायका अजून 'जोगाईचं आंबं' म्हणतात. निजामाच्या राज्यात त्याचं मोमिनाबाद झालं होतं. आमच्या सासऱ्यांकडे जुने कागद होते, त्यांत मोमिनाबादच लिहिलेलं. ते हयात असेपर्यंत कधी कधी बोलण्याच्या ओघात "आमच्या मोमिनाबादेत" म्हणून जायचे आणि मग स्वतःच हसायचे.

हे गाव एकदम वसलं नाही, थरांनी वसलं. ११८८ साली मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' लिहिला असं मानतात, त्यांची समाधी गावाबाहेरच्या दरीत आहे. तेराव्या शतकात यादवांचा सेनापती खोलेश्वर इथे होता. त्याने देवळं बांधली, शिलालेख कोरून ठेवले. सोळाव्या शतकात दासोपंत आले. त्यांनी कागद पुरेना म्हणून की काय, लांबच लांब कापडावर ग्रंथ लिहिला, ती पासोडी आजही गावाचं वैभव आहे. मग निजामी आली. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची इथे छावणी पडली. छावणी आली म्हणजे नुसते शिपाई येत नाहीत. त्यांच्यामागे शिंपी येतो, नालबंद येतो, वाणी येतो, भिस्ती येतो. छावणी उठली तरी यातली सगळी माणसं उठून जात नाहीत. पुढे स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक झाले आणि शाळेबरोबर हैदराबाद मुक्तीचा विचारही गावात रुजला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. १९७० च्या दशकात स्वामीजींच्याच नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं. मग डॉक्टर आले, नर्सबाई आल्या, विद्यार्थी आले, खानावळी आल्या, आणि खेड्यापाड्यांतून पेशंटबरोबर आलेले नातेवाईक, जे बाहेर झाडाखाली तीन दगडांवर भाकरी भाजताना दिसायचे.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. पण खरं कळलं ते फेब्रुवारी २०११ मध्ये, काखोटीला पिशवी मारून दारोदार फिरले तेव्हा!

९ ते २८ फेब्रुवारी अशी मोजणी होती. शाळा सांभाळून सकाळ-संध्याकाळ फिरायचं. नाव, नातं, वय, धर्म, मातृभाषा, शिक्षण, जन्मठिकाण. एकाच गल्लीत मातृभाषेच्या रकान्यात मराठी, उर्दू, मारवाडी, बंजारा अशा चार भाषा लिहिल्याचं आठवतं. एका घरातल्या आजोबांनी जन्मठिकाण 'मोमिनाबाद' सांगितलं. त्यांचा नातू म्हणाला, "दादा, अंबाजोगाई लिहायला सांगा." आजोबा म्हणाले, "बेटा, मैं तो वहीं पैदा हुआ ना!" मी अंबाजोगाई लिहिलं. त्यांना वाईट वाटलं असेल का?

अजून एक प्रश्न असायचा, इथे राहायला येण्याचं कारण काय? नोकरी, धंदा, शिक्षण, विवाह वगैरे. पुरुषांची कारणं वेगवेगळी निघायची. बायकांचं बहुतेक एकच, विवाह. दहावीस घरांनंतर मी विचारायच्या आधीच लिहायला लागले होते. मी स्वतःसुद्धा त्याच रकान्यात. केज तालुक्यातल्या खेड्यातून १९९० साली लग्न होऊन आले ती आलेच.

माझ्या नकाशातली शेवटची गल्ली गावाच्या कडेला होती. तिथे ओळीने कुलपं. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेऊन नवराबायकोचा 'कोयता' निघतो, तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखोंनी माणसं अशी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गावातले कमी, आसपासच्या खेड्यांतले जास्त, पण कडेच्या वस्तीतलेही असतातच. एका दारात एक म्हातारी दोन नातवंडं घेऊन बसली होती.

"समदे कारखान्याला गेलेत बाई. म्या अन् ही दोन लेकरं."

मी तिघांची नावं लिहिली. नियम असा की मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो इथे नाही, तो जिथे असेल तिथे मोजला जायचा. मी तिला तसं समजावून सांगितलं.

"तिकडं मोजतेल का पण त्याहला? कोपीत राहतेत ती."

मोजतील की, म्हटलं. एवढं म्हणून पुढे निघाले. फडाच्या कडेला पाचटाची कोपी, पहाटे तीनला उठून तोडीला गेलेली माणसं, आणि तिकडचा माझ्यासारखाच एखादा मास्तर दुपारी तिथे पोचला असेल का, कोण जाणे. बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला २५,८५,०४९ मोजली गेली. एवढा मोठा आकडा, शेवटच्या नऊपर्यंत नेमका! तो वाचला की मला ती कुलपं आठवतात.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले, तिकडे येते.

माझ्या वाट्याला आलेल्या गल्ल्यांत आमच्या थोरल्या जाऊबाईंचं घर होतं. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. दोन मुली, मग एक मुलगा. मी गेले तेव्हा अक्का पापड लाटत होत्या. म्हणाल्या, "बस गं, चहा टाकते. आमचं तर सगळं तुला ठाऊकच आहे, लिही तुझं तू."

ठाऊक तर होतंच. मी भराभर लिहीत गेले. मग विवाहित बायकांसाठीचे प्रश्न आले. हयात मुलं किती, त्यात मुली किती, मुलगे किती. आणि आतापर्यंत जिवंत जन्मलेली मुलं किती. नियमाप्रमाणे विचारायचं म्हणून मी विचारलं.

अक्कांचं लाटणं थांबलं.

१९९५ सालची गोष्ट. दोन मुलींनंतर अक्कांना पुन्हा दिवस गेले होते. एका सकाळी भाऊजी आणि सासूबाई त्यांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शहरात 'तपासायला' घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी परत आले. अक्का आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. सासूबाई म्हणाल्या, "तिला बरं नाही, कोणी काही विचारू नका." मी कोणाला काही विचारलं नाही. मी शिकलेली होते, डी. एड. झालेली, नोकरी करणारी. गर्भलिंग तपासणीवर बंदी आणणारा कायदा महाराष्ट्रात १९८८ लाच झाला होता, देशात पहिल्यांदा. मला तो माहीत होता. मी चहा केला आणि नेऊन दिला. एवढंच केलं.

दोन वर्षांनी मुलगा झाला. गावभर पेढे वाटले. मीही वाटत होते.

"लिही," अक्का म्हणाल्या, "तीन."

मी तीन लिहिलं. ते बरोबरच होतं. फॉर्म जिवंत जन्मलेल्यांबद्दल विचारतो. जिला जन्मूच दिलं नाही तिच्यासाठी त्यात रकाना नाही. अक्का उठून चहा टाकायला गेल्या. आम्ही दोघी चहा प्यालो आणि पापडांबद्दल बोललो.

पुढे जनगणनेचे आकडे आले. बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली. महाराष्ट्रात सगळ्यात कमी. दहा वर्षांपूर्वी, २००१ ला, तो आकडा ८९४ होता. २०१२ मध्ये परळीच्या एका दवाखान्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि सगळ्या राज्याने आमच्याकडे बोट दाखवलं. त्या डॉक्टर नवराबायकोला २०१९ साली न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. शाळेत आम्ही 'बेटी बचाओ'च्या फेऱ्या काढल्या, मुलींकडून घोषणा देऊन घेतल्या. स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे, "कसले लोक असतात हो हे!" मीही मान हलवायचे.

कसले लोक? पापड लाटणारे, पेढे वाटणारे, चहा करून देणारे. आमच्या घरातले लोक.

नंतरच्या वर्षांत जन्मनोंदीतला मुलींचा आकडा सुधारला, त्याचा आनंद आहे. पण जे आधीच कमी झालं ते कमीच राहणार. आज पंचविशी-तिशीतल्या मुलग्यांसाठी स्थळं मिळत नाहीत म्हणून आमच्याकडे आया रडतात. मला त्यांना काही बोलवत नाही.

आणि हे कोणत्या गावात? जिथली देवी कुमारिका आहे. वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं आणि देवी इथेच राहिली, अशी कथा लहानपणापासून ऐकली. जयंती नदीकाठच्या लेण्यातले दगडी हत्ती म्हणजे तेच वऱ्हाड, असं आम्ही सहलीला आलेल्या मुलांना सांगायचो. आणि खोलेश्वराचा तो शिलालेख! त्याचा मुलगा राम लढाईत पडला, तेव्हा रामाच्या बहिणीने, लक्ष्मीने, भावाच्या आठवणीसाठी इथे देऊळ बांधलं. आठशे वर्षांपूर्वी या गावात एका मुलीचं नाव दगडात कोरून ठेवलं गेलं. भावाला विसरू दिलं नाही तिने. आमच्या घरातलीला तर नावसुद्धा नव्हतं. असती तर आज तिशीची असती. २००१ च्या मोजणीत शून्य ते सहाच्या रकान्यात बसली असती.

हा लेख अक्कांना विचारून लिहिला आहे. आधी वाटलं नको म्हणतील. पण म्हणाल्या, "लिही. सासूबाई गेल्या, हे पण गेले. आता कोणाला भ्यायचं? फक्त पोरींना आधी वाचायला दे."

अक्कांची धाकटी, दुसऱ्या नंबरची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. २०२७ ला पिशवी बहुधा तिच्या खांद्यावर येईल. गेल्या रविवारी ती आली तेव्हा तिला हे सगळं वाचायला दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं, कागद नीट घडी करून टेबलावर ठेवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, म्हणजे मी दुसरी होते म्हणून राहिले का?"

मला उत्तर देता आलं नाही. १९९५ ला जशी गप्प होते तशीच गप्प बसले. तिनेच मग उठून चहा टाकला. जाताना माझा तो नकाशा मागून घेऊन गेली.